चौदाव्या खांबाशी

नोरीन एंट्विसल दात धरणारी बाई होती आणि तिला त्याची लाजही वाटत नसे. १९७१ साली एका खाटकानं तिला शिळी कलेजी विकली. त्यानंतर तो जिवंत असेपर्यंत ती त्याच्या दुकानासमोरून गेली नाही, आणि तो मेला त्या दिवशी मुद्दाम गेली. सख्ख्या नणंदेला तिनं एका बशीवरून अकरा वर्षं नाताळचं कार्ड पाठवलं नव्हतं. पण हे सगळं पूर्वीचं. अठ्ठ्याहत्तरीत आल्यावर आपण जरा मऊ झालोय असं तिला वाटायला लागलं होतं, तेवढ्यात बेरिलचा ऐंशीवा वाढदिवस आला आणि हॅगेट मिलमधला तो जास्पर भेटला.

बर्नलीची हॅगेट मिल बंद पडून पंचेचाळीस वर्षं झाली. मधे तिथे गालिच्यांचं गोदाम होतं, मग नुसती कबुतरं होती. गेल्या वर्षी मँचेस्टरच्या कुणा मिसेस फॅरोनं ती विकत घेतली आणि विणकामाच्या शेडमध्ये कॉकटेलचं रेस्टॉरंट काढलं. वरचं दातेरी काचेचं छप्पर ठेवलं, लोखंडी खांब ठेवले, खांबांवरचे पांढऱ्या रंगातले आकडेही ठेवले. वाढणाऱ्या पोरींना शाली आणि लाकडी तळव्यांचे बूट घातले. भिंतींवरच्या कर्ण्यांतून दिवसभर मागांचा खडखडाट सोडला, म्हणजे गिऱ्हाइकाला खऱ्या मिलमध्ये बसल्यासारखं वाटावं. आणि जास्पर, तिथला मॅनेजर, वेस्टकोट घालून, गोल काळी टोपी चढवून, कमरेला पाना अडकवून फिरायचा. त्याला वाटायचं हा साहेबाचा पोशाख आहे. तो होता टॅकलरचा. टॅकलर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा मिस्त्री, आणि आमच्याकडे मूर्खपणाचे सगळे किस्से त्याच्याच नावावर. किल्ली हरवू नये म्हणून ती घराच्या आत खिळ्याला टांगून, दार ओढून घेऊन कामावर गेला तो टॅकलर.

बेरिल ग्रिमशॉ पंधराव्या वर्षी या शेडमध्ये आली आणि पुढची वीस वर्षं चौदाव्या खांबाभोवतीचे चार माग तिचे होते. दोन वर्षांनी नोरीन तिच्या हाताखाली शिकायला आली. धागा तुटला तर कसा जोडायचा ते तर बेरिलनं शिकवलंच, पण त्याआधी बोलायला शिकवलं. सातशे मागांच्या आवाजात स्वतःचं किंचाळणंही ऐकू यायचं नाही, म्हणून विणकर बाया आवाजाशिवाय बोलायच्या. तोंड ताणून, ओठ वळवून, भुवया नाचवत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. त्या बोलीला मी-मॉ म्हणायचे. कोण कुणाबरोबर फिरतो, कुणाला कितवा महिना आहे, नवा टॅकलर कसला नालायक आहे, सगळं टॅकलरच्या नाकासमोर बोललं जायचं आणि त्याला पत्ता नसायचा. भिंतीला कान असतात म्हणतात. हॅगेटच्या शेडमध्ये खांबांना डोळे होते.

मागांनी बेरिलचे कान खाल्ले. आता ती ठार बहिरी होती, पण नजर घारीची. नोरीनला ऐकू बरं यायचं, पण दहा पावलांपलीकडचा चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा दिसायचा. "आपण दोघी मिळून एक धड बाई होतो," असं बेरिल म्हणायची. म्हणायची म्हणजे ओठांनी. त्रेसष्ट वर्षं दोघी तशाच बोलत होत्या, बसमध्ये, चर्चमध्ये, नवऱ्यांच्या अंत्यविधीतसुद्धा.

वाढदिवसाला बेरिलनं एकच मागितलं होतं. "मला एकदा माझ्या खांबाशी बसू दे. उभी तर वीस वर्षं होते, एकदा बसून बघते."

म्हणून नोरीननं सहा आठवडे आधी फोन करून चौदाव्या खांबाजवळचं टेबल सांगून ठेवलं. शनिवारी दुपारी एक वाजता दोघी केस सेट करून, नव्या ब्लाउजांत दारात हजर झाल्या. वीस मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. मग टीगन नावाची एक पोर शाल सावरत आली.

"नाव?"

"एंट्विसल. दोघी. चौदा नंबरचा खांब. आज हिला ऐंशी पूर्ण झाली."

"ओ, किती गोड!" टीगननं वहीत पाहिलं, मग दूर बारकडे पाहिलं. तिथला वेस्टकोट काहीतरी बोलला. "सॉरी हं, आजी. ते टेबल जरा... आज नाही जमणार. तुम्हाला मस्त निवांत जागा देते."

निवांत जागा स्वच्छतागृहाच्या दाराशी होती. दार उघडलं की हात वाळवायच्या यंत्राचा गरम वारा मानेवर यायचा. चौदाव्या खांबाचं टेबल रिकामंच होतं. चाळीस मिनिटं रिकामं होतं. मग तिथे लांब पापण्या चिकटवलेल्या चार मुली येऊन बसल्या आणि आपलेच फोटो काढायला लागल्या.

मटण-बटाट्याचा हॉटपॉट वरून करपलेला आणि मधे बर्फासारखा गार होता. जिन मागितली तर रम आली. मग आलं इथलं नावाजलेलं पेय, धोट्याचं चुंबन. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी धोटा पोकळ करून त्यात लाल काहीतरी भरलेलं आणि धाग्याच्या भोकाला तोंड लावून ओढायचं. बेरिल तो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. तिची आई असाच धोटा तोंडाला लावून दिवसाला तीनशे वेळा धागा ओढायची, सगळ्याच ओढायच्या. चाळिशीत आईच्या तोंडात पुढचा एकही दात उरला नव्हता. बेरिलनं टीगनला बोलावलं आणि खरा धोटा कसा धरायचा ते दाखवायला लागली, ओठ ताणून, भुवया उंचावून, मोठ्या उत्साहानं. पोरगी एक पाऊल मागे सरली.

"आजी, त्याच्याशी खेळू नका ना प्लीज. फुटला तर मला ऐकून घ्यावं लागतं."

टीगन बारकडे गेली. वेस्टकोट तिच्याशी बोलला, हसताना त्याचे खांदे हलले. नोरीनला इतकंच दिसलं. पण समोर बसलेल्या बेरिलचा चेहरा कुणीतरी दिवा मालवावा तसा पडला. तिनं धोटा खाली ठेवला.

"काय म्हणाला तो?" नोरीननं ओठांनी विचारलं.

बेरिलनं मान हलवली. गळ्यातला स्कार्फ सोडला, नाकापर्यंत गुंडाळला आणि कोट उचलला. मेणबत्ती लावलेला केक कुणीतरी आणला तो शेजारच्या टेबलावर, ज्यांचा वाढदिवस नव्हता. त्यांनी तो खाल्ला.

सोमवारी नोरीननं तक्रारीचं पत्र लिहिलं. सभ्य होतं ते. तीन ठिकाणी 'कृपया' होतं. उत्तर आलं: 'आमचं चैतन्यमय वातावरण प्रत्येकाच्या प्रकृतीला मानवेलच असं नाही. पुढच्या भेटीत दोघींत एक पेय मोफत. आपला, जास्पर.' दोघींत एक! नोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ते पत्र फ्रिजवर लावलं, रोज दूध काढताना दिसावं म्हणून.

पण खरी गोष्ट पत्राची नव्हती. बेरिल बोलेनाशी झाली होती. नोरीन रोज सकाळी तिच्याकडे जायची, किटली ठेवायची, आणि बेरिल स्कार्फ नाकावर ओढून समोर बसायची. काही सांगायचं असलं तर जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायची. 'साखर संपली.' 'गुरुवारी क्लबला येत नाही.' त्रेसष्ट वर्षांची मैत्री आणि पाकिटाच्या पाठीवर साखर!

नवव्या दिवशी नोरीननं पेन्सिल हिसकावून चुलीमागे फेकली. "बोल. त्यानं काय म्हटलं ते बोल, नाहीतर मी इथून हलत नाही. रात्रभर बसेन. माझं घोरणं तुला ऐकू येणार नाही, पण बघावं लागेल."

बेरिल हसली नाही. तिनं हळूच स्कार्फ खाली केला. ओठ जेमतेम हलवत म्हणाली, "म्हणाला, मढी मागेच बरी, पुढे बसवली तर गिऱ्हाईक पळेल. आणि म्हणाला, ती बहिरी तोंड बघ कशी वेंगाडते, माकडीण नुसती." मग स्कार्फ परत वर गेला.

नोरीननं कप विसळले, पालथे घातले, फडकं पिळून वाळत टाकलं. तिला त्या पोराचा इतका राग आला होता की वाळत टाकलेलं फडकं तिनं काढून पुन्हा पिळलं. जेवण गार होतं, ते ती विसरली असती. टेबलही विसरली असती, कदाचित, पाच-सहा वर्षांनी. पण ज्या तोंडानं बेरिलनं तिला बोलायला शिकवलं, ते तोंड त्यानं बंद केलं होतं. याची भरपाई मोफत पेयानं होणार नव्हती.

आणि मग त्या मूर्खानं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये जुन्या विणकर बायांचा गुरुवारचा क्लब भरायचा. तिथे पत्र आलं. रेस्टॉरंटला वर्ष होतंय, मिसेस फॅरो स्वतः येणार आहेत, कौन्सिलचे लोक आणि पेपरवाले येणार आहेत, तर दुपारच्या जेवणाला खऱ्या मिलमधल्या खऱ्या स्त्रिया फोटोसाठी हव्यात. शाल स्वतःची आणल्यास उत्तम. आपला, जास्पर.

"आता मढी पुढे हवीत म्हणे," नोरीन पुटपुटली, आणि सगळ्यांच्या वतीनं होकार कळवला.

बेरिलला तयार करायला तीन दिवस लागले. "माझे डोळे गेलेत, तुझे कान गेलेत," नोरीन म्हणाली. "तू वाच, मी मोठ्यानं सांगते. बास. एवढंच काम."

बेरिलनं नवी पेन्सिल काढली. 'मी तोंड उघडणार नाही.'

"मग मला काय स्वप्न पडणार आहे?"

बेरिलनं खांदे उडवले. पण त्या जेवणाच्या गुरुवारी ती आली, स्कार्फ नाकापर्यंत गुंडाळून.

अकरा बायांना या वेळी दारात उभं राहावं लागलं नाही. जास्परनं टोपी काढून प्रत्येकीला वाकून नमस्कार केला, बेरिललासुद्धा. ओळखलं नाही त्यानं. म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात, त्यांना नीट बघितलं नाही तर. त्यानं त्यांना मधल्या लांब टेबलावर मांडलं, फुलदाण्या मांडतात तसं, आणि बारच्या मागे गेला. कर्णे खडखडत होते. मिसेस फॅरो उंच, करड्या सुटातली बाई होती. ती मोठ्यानं ओरडून भाषण करत होती आणि कौन्सिलचे लोक ऐकू आल्यासारखं हसत होते.

भाषण संपताच नोरीन उठली आणि बारपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली.

"मिसेस फॅरो! तुम्हाला खऱ्या बाया हव्या होत्या ना? मग खरी गंमत बघा. ही बेरिल ग्रिमशॉ, ठार बहिरी. इथून कुणीही, कितीही लांब उभा राहून, कितीही हळू बोलला तरी काय बोलला ते सांगते. याच शेडमध्ये शिकली."

"अय्या, खरंच?" मिसेस फॅरोनं टाळ्या वाजवल्या. "दाखवा ना! पेपरवाले, फोटो घ्या!"

सगळे बेरिलकडे बघायला लागले. बेरिल ताटाकडे बघत होती. स्कार्फ जागचा हलला नाही. एका कौन्सिलरनं घसा खाकरला. कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. नोरीनला कळलं, डाव उलटतोय. आता हिनं तोंड उघडलं नाही तर आपलं हसं होईल, आणि ही कायमची पाकिटांवर लिहीत बसेल. ती बेरिलसमोर वाकली आणि आवाज न करता, तोंड ताणून, पंधराव्या वर्षी शिकली होती तसं म्हणाली, "मला तूच शिकवलंस. मी पण माकडीणच आहे की गं."

बेरिलनं वर पाहिलं. मग तिनं स्कार्फ सोडला, घडी केली, ताटाशेजारी ठेवला आणि सगळ्या शेडवरून नजर फिरवली.

तिचे ओठ हलले. नोरीन मोठ्यानं म्हणाली, "तो फोटोवाला त्या मुलीला सांगतोय, नवे बूट चावतायत." फोटोवाला चकित होऊन हसला. "अगदी खरं!" बेरिलची नजर पुढे गेली. "दाराजवळचे गृहस्थ बायकोला म्हणतायत, एवढं भाषण ऐकलं, आता खायला तरी घाला." हशा उसळला. दाराजवळचे गृहस्थ लाल झाले. मिसेस फॅरोला तर काय करू न काय नको झालं.

जास्पर हसला नाही. चोराच्या मनात चांदणं. त्यानं टोपी पुढे ओढली आणि पाठ फिरवली. पाठ फिरवली की झालं, असं त्याला वाटलं. पण बारच्या मागच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा होता, आणि तो आता त्या आरशासमोर तोंड करून शेजारच्या बारवाल्याशी बोलत होता. किल्ली आत टांगून दार ओढलं त्यानं. टॅकलर तो टॅकलरच.

बेरिलनं नोरीनच्या मनगटावर बोट ठेवलं. तिचे ओठ आता ताणून, स्पष्ट, शब्द न शब्द सुटा करत हलत होते, आणि नोरीन तसंच सुटं सुटं, पण आता टेबलापुरत्या आवाजात, बोलत गेली.

"मॅनेजरसाहेब म्हणतायत, ही फॅरोबाई जाईपर्यंत दात दाखवत राहा."

हशा थांबला.

"तिला वाटतं सगळं तिच्या डोक्यातून आलंय. म्हणतायत, तिला जिन काय आणि रॉकेल काय, सारखंच. महागाच्या बाटल्यांत स्वस्तातली भरायला लागून सहा महिने झाले, तिच्या जिभेला कळलंय का?"

बारवाल्यानं या टेबलाकडे पाहिलं आणि त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. जास्परचं लक्ष नव्हतं. खडखडाट एवढा होता की त्याला नोरीनचा आवाज पोचत नव्हता. तो आरशात टोपी नीट करत बोलतच होता. मिसेस फॅरोनं टीगनला हातानं खूण केली. टीगननं धावत जाऊन कर्णे बंद केले.

आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत जास्परचा स्वतःचा आवाज सगळ्या शेडभर घुमला.

"...आणि ही मढी गेली की खुर्च्या पुसून घे. म्हातारपणाचा वास राहतो."

बेरिलला ते ऐकू आलं नव्हतं, पण तिनं ते आरशात वाचलं होतं. तिनं फक्त नोरीनकडे पाहून मान डोलावली, धागा नीट जोडला गेल्यावर डोलवायची तशी.

"टोपी काढ," मिसेस फॅरो म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "टोपी काढ आणि चालता हो. आत्ता."

"थांबा, बाई," नोरीन म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. जास्परही. त्याच्या डोळ्यांत आशा दिसली. ही आजी मायाळू असणार, पोटात घालणार. नोरीन सावकाश चालत, दहा पावलांच्या आत, त्याचा चेहरा नीट दिसेल इतकी जवळ गेली. चेहरा देखणा होता. घाम फुटला होता.

"याला काढू नका," ती म्हणाली. "काढलंत तर उद्या प्रेस्टनला जाऊन दुसरी टोपी घालेल, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना संडासाशी बसवेल. याला ठेवा. आम्ही अकराजणी दर गुरुवारी जेवायला येऊ. चौदाव्या खांबाशी. आणि आम्हाला वाढेल हाच, दुसरं कुणी नाही."

"मी नोकरीच सोडतो," जास्पर म्हणाला.

"सोड ना," मिसेस फॅरो म्हणाली. पेपरवाला लिहीत होता. तिनं त्याच्याकडे एक नजर टाकली आणि मग जास्परकडे पाहून थंडपणे हसली. या बाईचं आणि आपलं जमणार, असं नोरीनला वाटलं. "सोडलीस तर बाटल्यांचं प्रकरण आज संध्याकाळी इन्स्पेक्टरकडे जाईल. राहिलास तर वर्षभर गुरुवार. बघ काय परवडतं ते."

त्याला गुरुवार परवडला.

पुढच्या गुरुवारी अकराजणी बरोबर एकला आल्या. कर्णे खडखडत होते, काचेच्या छपरातून स्वच्छ ऊन पडलं होतं. बेरिल खांबाला पाठ टेकून, पांढऱ्या चौदाच्या आकड्याखाली, पाय लांब करून बसली होती. सकाळपासून तिचं तोंड क्षणभर मिटलं नव्हतं. हॉटपॉट मधेसुद्धा कढत होता, नोरीननं बोट घालून पाहिलं.

जास्पर आला. टोपी नव्हती. शेडभर तो आता एका हातात वही आणि दुसरा हात तोंडावर असा वावरायचा. बारवाल्याशी बोलताना, फोनवर बोलताना, एकटा असतानाही. कुठल्या खांबाला डोळे आहेत हे त्याला कळत नव्हतं, आणि अकराजणी जेवता जेवता आळीपाळीनं त्याच्याकडे बघत होत्या.

बेरिलनं त्याच्याकडे पाहिलं. मग आवाज न करता, ओठ कानापर्यंत ताणून, भुवया थेट कपाळात चढवून, ती सावकाश काहीतरी बोलली. शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणी विणकर बाई उभी असती तर तिलाही वाचता आलं असतं.

जास्परला कळलं नाही. तो वाकला. "काय... काय म्हणाल्या त्या?"

"मढ्याला तहान लागलीय, म्हणाली," नोरीन म्हणाली. "जिन आण. खरी. आणि तोंडावरचा तो हात काढ, बाळा. तिला वाचता येत नाहीये."

त्यानं हात काढला.